मक्याखालचं सोयाबीन, सोयाबीनखालची तूर

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘मराठवाड्यातील सोयाबीन-तूर आंतरपिकात उंच वाढणारी तूर सोयाबीनवर सावली धरते व त्यामुळे सोयाबीनच्या खोडाची अनावश्यक वाढ होते.’ वाक्य दिसायला चांगलं होतं. प्रेझेंटेशनच्या दिवशी समोर बसलेल्यांपैकी कुणीही त्यावर बोट ठेवलं नाही. ऑगस्टमध्ये औशाला घरी गेले तेव्हा आप्पांना बांधावर उभं राहून मी तेच मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होते. समोर चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर, पुन्हा चार तासं सोयाबीन. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, तूर हाय कुटं त्यात? हुडकून दाव की आधी.”

हुडकावीच लागली. तुरीची रोपं सोयाबीनच्या पानांमध्ये पार बुडालेली. चिखलात वाकून बघितलं तर काडीसारखी बारीक खोडं वर धडपडत होती. तूर पहिले दोन महिने रेंगाळते, ही गोष्ट आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती, लहानपणापासून. तरी लिहिताना मी उलटं लिहिलं. का, याचा शोध घेताना मी एका पेपरपाशी येऊन थांबले. आज त्याच पेपरबद्दल लिहायचं आहे. पेपर वाईट आहे म्हणून नाही. चांगला आहे, आणि चांगले पेपरच आपल्याला जास्त फसवतात.

हा पेपर 2021 साली ‘मॉलिक्युलर प्लांट’ या जर्नलमध्ये आला. चिनी कृषी विज्ञान अकादमीतल्या बिन लिऊ यांच्या गटाचं हे काम. शेजाऱ्याची सावली पडली की सोयाबीनचं खोड का लांबतं, यामागची जनुकं त्यांनी शोधली आहेत. वनस्पतीशास्त्रात किंवा कृषीत संशोधनाची तयारी करत असाल तर तो एकदा तरी पूर्ण वाचा. नुसता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नको.

आधी थोडी पार्श्वभूमी. पानातलं क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं. लालच्या पलीकडचा दूर-लाल प्रकाश त्याच्या फारसा कामाचा नाही, तो पानातून आरपार जातो किंवा परत फेकला जातो. त्यामुळे उघड्या उन्हात लाल आणि दूर-लाल यांचं गुणोत्तर 1.1 ते 1.2 च्या आसपास असतं, आणि दाट पिकाच्या आत ते 0.2 च्याही खाली घसरतं. हे गुणोत्तर मोजणारं प्रथिन म्हणजे फायटोक्रोम. भर उन्हात फायटोक्रोम बी सक्रिय असतं आणि पीआयएफ नावाच्या प्रथिनांना दाबून ठेवतं. दूर-लाल वाढला की फायटोक्रोम बी ढिलं पडतं, पीआयएफ मोकळी सुटतात, ऑक्झिन वाढतं आणि खोड ताणलं जातं. नेट-सेटला इतकं आलं तरी पुरतं.

संशोधनासाठी मात्र त्यातली एक खोच महत्त्वाची आहे. दूर-लाल प्रकाश शेजाऱ्याच्या पानावरून आडवा परत येतो. म्हणजे प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच रोपाला खबर लागते की बाजूला कुणीतरी उगवलंय. कार्लोस बालारे यांच्या अर्जेंटिनातल्या गटाने 1990 मध्ये ‘सायन्स’मध्ये याचा पुरावा दिला. त्यांनी रोपांच्या खोडाभोवती कॉपर सल्फेटच्या द्रावणाची कॉलर बसवली. हे द्रावण दूर-लाल अडवतं, बाकीचा दिसणारा उजेड बराचसा जाऊ देतं. कॉलर घातलेल्या खोडांना शेजारी ‘दिसलेच’ नाहीत, आणि ती इतरांसारखी लांबली नाहीत. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. लाखो रुपयांचं यंत्र नसताना डोकं चालवलं तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर तीसेक वर्षं या क्षेत्रात फायटोक्रोमचाच बोलबाला राहिला, आणि बहुतेक काम अरॅबिडॉप्सिस या बोटभर उंचीच्या रोपावर झालं. लिऊ यांच्या पेपरचं पहिलं मोठेपण इथे आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये असं आहे म्हणजे सोयाबीनमध्येही तसंच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं नाही. सावलीत दोन गोष्टी होतात, लाल आणि दूर-लाल यांचं गुणोत्तर घसरतं आणि निळा प्रकाश कमी होतो. हे दोन्ही संकेत वेगवेगळे करून त्यांनी सोयाबीनवर तपासले. निष्कर्ष असा की खोड अवास्तव लांबण्यामागे मुख्यतः निळ्या प्रकाशाची कमतरता आहे. मग निळा प्रकाश ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोम कुळातली सात जनुकं क्रिस्परने बिघडवून बघितली. त्यातली सीआरवाय-1 गटातली चार जनुकं हे काम वाटून घेतात असं दिसलं. एक बंद पडलं तर बाकीची सांभाळून घेतात. उजेडात ही प्रथिनं एसटीएफ-1 आणि एसटीएफ-2 यांचं प्रमाण वाढवतात. ती पुढे जिबरेलिन निकामी करणाऱ्या एन्झाइमची जनुकं चालू करतात, आणि खोड आटोक्यात राहतं. निळा प्रकाश कमी झाला की ही साखळी ढिली होते, जिबरेलिन उरतं, झाड सुटतं.

हे वाचताना मला आमच्याकडचं फवारणीचं औषध आठवलं. भारी जमिनीत सोयाबीन माजलं, नुसतंच वाढायला लागलं, की शेतकरी वाढ रोखणारं औषध मारतात, बऱ्याचदा क्लोरमेक्वाट क्लोराईड. ते जिबरेलिन तयारच होऊ देत नाही. म्हणजे पेपरातलं जनुक जे आतून करतं, तेच आपण पंप पाठीवर घेऊन बाहेरून करतोय. आणखी एक गोष्ट, ही माझी अटकळ आहे, पेपरात नाही. फायटोक्रोम गुणोत्तर बघतं, क्रिप्टोक्रोम निळ्या प्रकाशाचं प्रमाण बघतं. आभाळ पंधरा दिवस भरलेलं राहिलं तर लाल आणि दूर-लाल यांचं गुणोत्तर फारसं बदलत नाही, पण एकूण उजेड घटतो आणि त्यासोबत निळाही. मग शेजारी असो-नसो, सोयाबीनला सावलीत असल्यासारखं वाटत असेल का? “ऊन नाही म्हणून नुसतं वाढलंय,” हे वाक्य श्रावणात आमच्याकडे प्रत्येक बांधावर ऐकू येतं. लिऊ यांचा निष्कर्ष खरा असेल तर या वाक्यामागे एक जनुक सापडलंय. मला वाटतं, मराठवाड्यासाठी या पेपरचं खरं मोल इथे आहे, आणि कुणीही तिकडे बघत नाहीये.

आता माझे आक्षेप.

‘मुख्यतः निळा प्रकाश’ यातल्या ‘मुख्यतः’ या शब्दावर मी बराच वेळ अडले. दोन संकेतांची तुलना करायची तर दोन्हींचा डोस सारखा हवा. पण एक आहे गुणोत्तर, दुसरं आहे प्रमाण. निळा प्रकाश अमुक इतका कमी करणं आणि गुणोत्तर तमुक इतकं घसरवणं, यातलं ‘सारखं’ कसं ठरवणार? त्याला एकच आधार आहे: खऱ्या शेतात, खऱ्या पिकाखाली, कोणत्या आठवड्यात दोन्ही किती असतात ते मोजायचं आणि तेच आकडे चेंबरमध्ये उतरवायचे. असा कुठलाही पेपर वाचताना पद्धतीच्या भागात जाऊन बघा, हे आकडे कुठून घेतलेत. आणि आकडे एकाच वेळचे असतील तर ते पुरे नाहीत, कारण पेरणीनंतर विसाव्या दिवशी शेजारी फक्त आडवा दूर-लाल पाठवत असतो, निळा अजून भरपूर असतो. पंचेचाळीसाव्या दिवशी पानं एकमेकांत गेलेली असतात आणि निळाही संपलेला असतो. मग ‘मुख्य’ संकेत कोणता, याचं उत्तर तारखेनुसार बदलू शकतं.

त्याला जोडूनच दुसरं. त्यांनी ‘मुख्यतः’ म्हटलंय ते खोडाच्या लांबीबाबत. पण सोयाबीनमध्ये बाजारात विकतो ती शेंग, आणि शेंगा फांद्यांवरही असतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात क्लॅरेन्स स्वँटन यांच्या गटाने 2011 मध्ये ‘वीड सायन्स’मध्ये सोयाबीनवरच एक काम छापलं. त्यांनी रोपाच्या बाजूला गवत असं ठेवलं की पाणी, खत किंवा ऊन यांवरून स्पर्धा होऊ नये, फक्त गवतावरून परावर्तित झालेला उजेड रोपावर पडावा. तेवढ्यानेही फांद्या कमी फुटल्या आणि झाडाझाडातला फरक वाढला. म्हणजे खोडाची लांबी निळा प्रकाश ठरवत असेल, पण फांद्यांच्या बाबतीत दूर-लालला इतक्या लवकर बाजूला काढता येणार नाही. लिऊ यांचा पेपर आणि हा पेपर एकमेकांविरुद्ध नाहीत, ते वेगळ्या गोष्टी मोजतायत. आपण मात्र सेमिनारमध्ये ‘सोयाबीनमध्ये निळा प्रकाश महत्त्वाचा, दूर-लाल नाही’ असं ठोकून देतो. मीसुद्धा दिलंय. (पहिल्या कोळपणीला उशीर का करू नये, याचं शास्त्रीय कारणही या ग्वेल्फच्या कामात आहे. तण खत खाण्याआधीच उजेडातून आपली खबर देऊन मोकळं होतं.)

तिसरा मुद्दा जनुकशास्त्राचा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. पेपरात सीआरवाय-1बी हे जनुक जास्त प्रमाणात चालवलेली सोयाबीनची झाडं आहेत. दाट पेरणीत आणि मक्यासोबतच्या आंतरपिकात ती साध्या झाडांपेक्षा अनेक बाबतींत सरस ठरली, असं लेखक म्हणतात. पण सोयाबीनमध्ये प्रकाश ओळखणारी प्रथिनं एकाच कामाला बांधलेली नसतात. पिकाचे दिवस ठरवणाऱ्या जनुकांमध्ये ई-3 आणि ई-4 ही दोन प्रसिद्ध आहेत, आणि ती दोन्ही प्रत्यक्षात फायटोक्रोम ए ची जनुकं निघाली. क्रिप्टोक्रोमचंही तसंच. 2008 मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आलेल्या पेपरात सीआरवाय-1ए चा संबंध अक्षांशानुसार बदलणाऱ्या फुलोऱ्याशी जोडलेला होता. म्हणजे याच कुळातलं भावंड दिवस आणि रात्र मोजायच्या कामात आहे. तेव्हा बुटक्या झाडाबद्दल पहिला प्रश्न उंचीचा नाही, दिवसांचा आहे. औसा सव्वाअठरा अक्षांशावर आहे. आमचं सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं. ते दहा दिवसांनी लांबलं तर परतीच्या पावसात सापडतं, शेंगा झाडावरच उगवतात, आणि पुढे हरभऱ्याची ओल जाते. उत्तर चीनमध्ये दहा दिवसांची किंमत वेगळी असेल. कुठलंही ‘उपयुक्त’ जनुक वाचलं की आधी विचारा, फुलोरा किती दिवसांनी आला आणि काढणी किती दिवसांनी.

शिवाय त्या पेपरात क्रिस्परने जनुक बिघडवलेली झाडं नको तितकी उंच झाली. उपयोगाची झाडं मिळाली ती जनुक वाढवून, म्हणजे ट्रान्सजेनिक पद्धतीने. आपल्याकडे 2022 मध्ये जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना कडक नियमांतून सूट मिळाली, पण ती बाहेरचा डीएनए न उरलेल्या रोपांना. संपादनाने जनुक मोडणं सोपं, वाढवणं अवघड. ‘क्रिस्परने सोयाबीनची सावलीची समस्या सुटली’ अशा मथळ्याखाली हा पेपर फिरताना मी पाहिलाय, आणि त्या मथळ्यात पेपरातले दोन वेगळे प्रयोग एकत्र कालवलेले असतात.

‘सरस’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. या क्षेत्राच्या इतिहासात एक जुना धडा आहे. 1996 मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या हॅरी स्मिथ यांच्या गटाने तंबाखूत ओटचं फायटोक्रोम ए घातलं आणि शेतात दाट लावून दाखवलं की झाडं शेजाऱ्यांच्या गर्दीत बुटकी राहतात आणि हार्वेस्ट इंडेक्स वाढतो, सुमारे 15 ते 20 टक्क्यांनी. आकडा आजही प्रत्येक रिव्ह्यूत असतो. पण हार्वेस्ट इंडेक्स हे गुणोत्तर आहे. खोड कमी झालं की पानाचा वाटा आपोआप वाढतो. एकरी उत्पन्न त्यामुळे तितकंच वाढलं असा अर्थ होत नाही. आणि तंबाखूत पानच विकायचं असतं, हे निपाणीकडच्या माणसाला सांगायला नको. सोयाबीनचं तसं नाही, तिथे पान हे दाणा भरायचं साधन आहे. त्यामानाने 2003 मध्ये अर्जेंटिनातच बटाट्यावर झालेलं काम मला जास्त पटतं. त्यांनी शेतात वेगवेगळ्या दाटीवर बटाटा लावला आणि थेट कंदांचं उत्पन्न मोजलं, आणि जास्त फायटोक्रोम बी असलेल्या झाडांचा फायदा दाटी वाढली तेव्हा दिसला. तक्त्यात ‘प्रति झाड’ लिहिलंय की ‘प्रति हेक्टर’, एवढं बघायची सवय लावली तरी निम्मे पेपर वेगळे दिसायला लागतात.

आता माझ्या त्या चुकीच्या वाक्याकडे येते. नैर्ऋत्य चीनमध्ये मका आणि सोयाबीनच्या पट्ट्यांची जी पद्धत आहे, तिच्यात मका आधी पेरतात. सोयाबीन नंतर त्याच्या सावलीत उगवतं, मका निघाला की उघड्यावर येतं आणि मग भरतं. मी हे वाचलं आणि डोक्यात मक्याच्या जागी तूर ठेवली, कारण दोन्ही उंच. उंची बघितली, वेळ बघितली नाही. आमच्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. सोयाबीन आणि तूर एकाच पावसावर एकदम पेरतात. 45 बाय 5 सेंटिमीटरवर सलग पेरलेल्या सोयाबीनची हेक्टरी सुमारे 4 लाख 44 हजार झाडं होतात, आणि आंतरपिकातल्या चार तासांतही दाटी तीच असते. ती दोन महिन्यांत रान झाकतात. बदनापूरच्या बीडीएन-711 सारखी तूर 150 ते 160 दिवसांची, ती तोवर खाली दबलेली. सोयाबीन काढलं की तूर पहिल्यांदा मोकळं ऊन बघते आणि फांद्या टाकते. म्हणजे चीनच्या शेतात सोयाबीन जी भूमिका करतं, ती औशात तूर करते. तो पेपर आपल्याला लागू करायचा तर त्यातलं ‘सोयाबीन’ खोडून ‘तूर’ लिहावं लागेल, आणि तुरीवर हा प्रयोग त्यात नाही.

यातून एक मजेशीर शक्यता निघते. बुटकं, आटोपशीर सोयाबीन आमच्या शेतात आलं तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा सोयाबीनच्या पोत्यांत दिसणारच नाही कदाचित, तो तुरीच्या पोत्यांत दिसेल. सोयाबीनचाच उतारा मोजणाऱ्याला तो फायदा सापडणार नाही. त्यासाठी दोन्ही पिकं मिळून मोजावी लागतात. रॉजर मीड आणि आर. डब्ल्यू. विली यांनी 1980 मध्ये मांडलेलं लँड इक्विव्हॅलंट रेशो हे माप त्यासाठीच आहे. विली हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये आंतरपिकांवरच काम करत होते. समजा आंतरपिकात सोयाबीन सलग पिकाच्या 0.8 पट आलं आणि तूर 0.5 पट, तर बेरीज 1.3, म्हणजे तेवढ्याच उत्पन्नासाठी वेगवेगळं पेरायला 1.3 एकर लागलं असतं. बुटक्या सोयाबीनमुळे हे 0.8 तसंच राहून 0.5 चं 0.6 झालं, तर फायदा कुणाच्या नावावर लिहायचा?

उलट बाजूही आहे. सोयाबीन बुटकं राहिलं तर रान उशिरा झाकेल आणि तण माजेल. खुरपायला बाई मिळणं किती अवघड झालंय ते आमच्या घरात आईला विचारा. आणि तुरीचं काय करायचं? सी. एम. डोनल्ड यांनी 1968 मध्ये आदर्श पिकाची जी कल्पना मांडली, त्यात प्रत्येक झाड स्पर्धेत कमजोर असावं, म्हणजे सगळ्यांनी मिळून जास्त पिकेल, असं होतं. सगळे शेजारी एकाच वाणाचे असतील तर हे बरोबर. पण तुरीचा शेजारी सोयाबीन आहे, तो कमजोर व्हायला तयार नाही. तिची सावलीतून वर यायची धडपड आपण जनुक बदलून थांबवली तर ती बुडेल, की खोडावरचा खर्च वाचवून ऑक्टोबरसाठी शिल्लक ठेवेल?

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी बदललं. आता त्यात सोयाबीनच्या सावलीतल्या तुरीचे पहिले साठ दिवस आहेत, आणि उंचीसोबत फांद्या, फुलोऱ्याचा दिवस, काढणीनंतरची वाढ आहे. बदलाचा अर्ज भरताना एका बाईंनी विचारलं, “विषयच उलटा कसा झाला?” मी म्हटलं, “शेतात जाऊन आले.” त्यांनी कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक दुरुस्ती’ असं लिहिलं.

आप्पांनी यंदा दोन तुकडे वेगळे ठेवायचं कबूल केलंय. एकात नेहमीचं उंच होणारं सोयाबीन, दुसऱ्यात ठेंगणं वाण, तूर दोन्हीत तीच. त्यांची एकच अट आहे, मोजायला मी येताना पिशवीभर मोरचूद आणून ते तुरीला बांधायचं नाही.